लोखंडाचं पाणी

"लोखंड काय पडेल शे का आठे? आधी उचला ते!"

बागेत पाऊल टाकल्याबरोबर आबांचं पहिलं वाक्य हे. रामराम नंतर, चहापाणी त्याच्याही नंतर. मान जराशी तिरकी करायची, डोळे बारीक करायचे आणि बांधापासून विहिरीपर्यंत सगळीकडे नजर फिरवायची. कुठे विळा दिसला, कुदळ दिसली, नुसती गंजकी बादली जरी दिसली, तरी साप निघाल्यासारखे ओरडायचे. बागेतल्या बायका मोठ्या खट्याळ. आबांची फटफटी वाजली की एखादी मुद्दाम खुरपं पदराखाली लपवायची आणि आबांची पाठ वळली की हळूच काढून दाखवायची. मग आबांची आरडाओरड आणि बायकांची खिदळ. हा खेळ रोजचा होता.

तुमच्या ओळखीतही असा एखादा माणूस असेल. कामाचं खूळ डोक्यात घेतलेला, घरच्यांच्या आणि दारच्यांच्या चेष्टेचा विषय झालेला, आणि तरी ज्याच्यावाचून कुणाचं पान हलत नाही असा. आबा तसे होते.

त्यांचा धंदा पपईच्या चिकाचा. नव्वद सालच्या आगेमागे आमच्या खान्देशात पपईच्या बागांना ऊत आला होता. पिकलेली पपई बाजारात जायचीच, पण काही बागा खास चिकासाठी ठेवत. कच्च्या, हिरव्यागार पपईला सकाळी उन्हं चढायच्या आत उभे ओरखडे काढायचे. पांढराशुभ्र चीक थेंबथेंब गळतो, तो झाडाला बांधलेल्या कापडात झेलायचा, डब्यात भरायचा आणि लगोलग कारखान्यात आणून वाळवायचा. त्याची भुकटी होते. मांस मऊ करायला, कातडी कमवायला, औषधाच्या गोळ्यांत घालायला ती लागते. हा चीक म्हणजे मोठा खादाड प्राणी. मांसाचा चिवट तुकडा त्यात ठेवा, बघता बघता लिबलिबीत होतो. पण इतका दांडगा असूनही लोखंडापुढे त्याचं काही चालत नाही. लोखंड लागलं की काळवंडतो आणि त्याचा जोर जातो. म्हणून ओरखडे काढायला बांबूची धारदार कामटी नाहीतर काचेचा तुकडा, आणि म्हणून आबांची ती आरडाओरड.

एरंडोल रस्त्यावर एक छोटा कारखाना होता. मी तिथे केमिस्ट. जळगावात बी.एस्सी. झालेली, तोंडाची फटकळ, आणि चिकाच्या आंबूस वासाने पहिल्या आठवड्यातच नोकरी सोडायला निघालेली. आबा धरणगावचे. कारखान्यासाठी बागा ठरवायच्या, चीक गोळा करून आणायचा, हे त्यांचं काम. पन्नाशी ओलांडलेली, अंगाने काटक, पांढरी टोपी आणि तिच्याखाली कायम घामाची रेघ.

शेतकऱ्याला राजी करणं सोपं नव्हतं. ओरखडे काढलेली पपई दिसायला वाईट होते. सगळ्या अंगावर वळ उठल्यासारखे. एक शेतकरी कळवळून म्हणाला होता, "आबा, इतली देखनी पपई, तिन्हं तोंड खराब करी टाकशात तुम्ही."

आबांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला. "तोंडले ओरखडा पडना तरी पोट गोडच राहास ना भो!"

आणि तिथेच एक पिकलेली ओरखड्यांची पपई कापून त्याला खायला घातली. कापली अर्थातच बांबूच्या कामटीने. शेतकरी हसत सुटला आणि कबूल झाला.

आबांच्या घरी ज्या खोलीत चिकाचे डबे असत, तिथे सुपारीचा अडकित्ता न्यायलासुद्धा बंदी. अक्का, म्हणजे आबांच्या बायको, मला पहिल्या भेटीत म्हणाल्या, "ताई, मन्हा हातमा काचन्या बांगड्या शेतस म्हनीसन माले घरमा राहू देतस ह्या." आबा ओट्यावरून ओरडले, "आयकू येस माले!" दोघांचा संसार असा ओरडाआरडीतच चालायचा. मुलगी नरडाण्याला दिलेली, घरात ही दोघंच.

चिकाने आबांची बोटं खाल्ली होती. बायकांना ते रबरी मोजे घालायला लावत, स्वतः मात्र उघड्या हाताने डबे हाताळत. बोटांच्या टोकांची कातडी गुळगुळीत, गुलाबी. एकदा जमिनीच्या कुठल्याशा कागदावर अंगठा द्यायला ते कचेरीत गेले. कारकुनाने शाई लावली, दाबलं. कागदावर नुसता निळा डाग. पुन्हा दाबलं. पुन्हा डाग.

"अंगठा नीट टेकवा ना हो," कारकून वैतागला.

"दाबी दाबी नख मोडनं मन्हं! ठसा चीकनी खाई टाका, साहेब."

कारकुनाला वाटलं म्हातारा थट्टा करतोय. शेवटी आबांनी त्याला चीक म्हणजे काय ते अथपासून इतिपर्यंत समजावलं, तेव्हा रांगेतल्या माणसांनी कपाळाला हात लावले. हा प्रसंग आबा मला सांगत होते तेव्हा मी हसून हसून बेजार झाले. ते मात्र बोटांकडे बघत म्हणाले, "चीकले समजत नही ताई, कोन्हं मांस शे ते. त्याले खावानं माहीत, बस."

माझ्या प्रयोगशाळेत, म्हणजे एका पत्र्याच्या खोलीत, चिकाचा जोर मोजायची रीत साधी होती. काचेच्या नळीत कोमट दूध घ्यायचं, त्यात चिकाचं पाणी टाकायचं आणि दूध किती लवकर फाटतं ते बघायचं. लवकर फाटलं तर माल उत्तम. आबा डबे उतरवले की माझ्या टेबलाशी उभे राहायचे, परीक्षेचा निकाल लागायचाय अशा चेहऱ्याने. दूध फाटलं की खूश. मी एकदा त्यांना सांगितलं, "आबा, यातलं जे काम करतं ना, त्याला एन्झाइम म्हणतात." तो शब्द त्यांनी जपून ठेवला आणि पुढे बागाबागांतून वापरला. खिशात पचनाच्या गोळ्यांची एक पट्टी ठेवत, शेतकऱ्यांना दाखवत आणि सांगत, की तुमच्या बागेतला चीक इथे येऊन बसतो, मुंबईच्या शेटचं जेवण पचवतो.

त्या वर्षी थंडी सरता सरता आबा कारखान्यात आले आणि मी दचकले. डोळे पिवळे, हाताचे तळवे पिवळे.

"पिवया व्हई गऊ मी ताई. पपई पिकस ना, तसा."

कावीळ म्हटलं की आमच्याकडे आधी माळ. एरंडोलच्या बाजूला एका खेड्यात माळ घालणारे एक नाना होते. कसल्याशा काड्यांची छोटीशी माळ डोक्यावर ठेवतात. ती दिवसागणिक सैल होत जाते, डोक्यावरून गळ्यात, गळ्यातून खाली. माळ उतरली की कावीळ उतरली म्हणतात. आबांची माळ भराभर वाढली. अक्कांनी गल्लीत गूळ वाटला. आबा मात्र होते तितकेच पिवळे राहिले. वर अंगाला अशी खाज सुटली की माणूस खांबाला पाठ घासत बसायचा. पोटात दुखत नव्हतं, ताप नव्हता, फक्त पायजम्याची नाडी रोज जास्त आवळावी लागत होती. मी चिडले. "आबा, माळ पुरे झाली, आता डॉक्टर." ते म्हणाले, "बाग संपू दे." मी म्हटलं, "बाग संपेस्तोवर तुम्ही संपाल." असं फाडफाड बोलायची माझी रीतच होती. तेव्हा सगळे हसले.

जळगावात सोनोग्राफी झाली आणि त्या डॉक्टरांनी धुळ्याला पाठवलं. एसटीत आबा खिडकीशी, मध्ये अक्का, आणि मी कडेला. नरडाण्याची मुलगी परस्पर तिकडे येणार होती. रस्त्यात कुठे पपईची बाग दिसली की आबा मान वळवून बघायचे आणि ओरखडे नीट काढलेत की नाही ते सांगायचे. त्यांना स्वतःची काळजी नव्हती असं नाही. पण दुसऱ्याच्या बागेतली चूक दिसली की त्यांना राहवत नसे.

ऑपरेशन झालं. डॉक्टर तरुण होते, आवाज हळू, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारे. मला आणि मुलीला बाजूला घेऊन म्हणाले, "पित्ताची वाट तुंबली होती, ती दुसरीकडून काढून दिलीय. पिवळेपणा उतरेल. पण मूळ गाठ स्वादुपिंडात आहे, कॅन्सरची. ती काढता येण्यासारखी राहिली नाही. लिव्हरवर गेलीय."

"किती..." मुलगी एवढंच म्हणाली.

"फार नाही," डॉक्टर म्हणाले. "पुढची दिवाळी मी सांगू शकत नाही."

पिवळेपणा खरंच उतरला. खाज थांबली. आबांचे डोळे पांढरे झाले तसे अक्कांच्या तोंडावर रंग आला. त्यांनी देवीला पातळ बोलून टाकलं. मी आणि मुलगी एकमेकींकडे बघायचं टाळत होतो. बरं होत चाललेल्या माणसाच्या खाटेशी बसून तो बरा होणार नाही हे मनात ठेवायचं, याच्याइतकं अवघड काम मी नंतर कधी केलं नाही.

पण आबांना फसवणं कठीण. सकाळी डॉक्टर आले तेव्हा त्यांनी सरळ विचारलं, "साहेब, गाठ काढी का नही?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे. मग ते स्टूल ओढून बसले. "नाही काढली, आबा. ती एका जागी राहिली नव्हती. पसरलीय."

"पाय शेतस का तिले?"

"पाय नाहीत." डॉक्टर म्हणाले. "पोटाच्या मागे एक ग्रंथी असते. जेवण पचवायचा रस ती तयार करते. तिथे ही गाठ आहे. आता आपल्या शरीरातला प्रत्येक कण जागच्या जागी राहावा म्हणून त्याच्याभोवती जाळी असते, दोऱ्यांनी विणल्यासारखी. ही गाठ असे रस सोडते, की ती जाळी विरघळून जाते. वाट झाली की तिचे कण रक्तात उतरतात आणि दुसरीकडे जाऊन घर करतात. त्या रसांना एन्झाइम म्हणतात."

आबा उशीवरून उठून बसले. अक्कांनी पाठीला हात दिला.

"एन्झाइम?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ताई, आपलंच ते?"

"आपलं नाही, आबा. पण त्या जातीचं."

"म्हंजे तिन्हाबी चीक शे." त्यांनी पोटावर हात ठेवला. मग एकदम हसले. टाके दुखले असणार, कारण हसता हसता तोंड वाकडं झालं. "मंग ती ते मन्हाच धंदानी निंघनी!"

डॉक्टर हसले नाहीत. आबांनी त्यांना विचारलं, की मग तो चीक अडवायचं औषध काय? डॉक्टर म्हणाले, "परदेशात शोधताहेत, असं वाचतो. माझ्याजवळ आज काही नाही." त्यांनी हे सांगितलं तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. मला त्यांचा राग यायला हवा होता, आला नाही.

धरणगावला परत आल्यावर आबा कामाला लागले. म्हणजे बागेच्या नव्हे, या नव्या कामाला. मी भेटायला गेले तर पाण्याच्या माठात नांगराचा फाळ! घासूनपुसून चकचकीत केलेला, तोंडापर्यंत बुडवलेला. चुलीवर लोखंडी तवा, ताकाला लोखंडी कढई. ज्या घरात अडकित्ता आत जाऊ शकत नव्हता, त्या घरात आता वजनाचं मापसुद्धा पाण्यात पडलं होतं.

"आबा, हे काय?"

"चीक बिघाडानं काम आपले चांगलं येस ना? इतला वरीस बिघडाले नको म्हनीसन जपं. आते बिघाडसूत." आणि लालसर पाण्याचा पेला घटाघटा प्यायले. तोंड असं केलं की अक्का भरल्या डोळ्यांनी हसल्या.

माझं शिक्षण काय कामाचं, ते मला त्या माठापुढे उभं राहिल्यावर कळेनासं झालं. मी धुळ्याच्या डॉक्टरांना कारखान्यातून फोन लावला. ते म्हणाले, "गाठीला काही होणार नाही. बद्धकोष्ठ होईल, शौचाला काळं होईल, त्याने घाबरू नका. एवढ्यावर त्यांचं समाधान असेल तर मी कशाला तोडू?"

थोड्या दिवसांनी आबा स्वतः प्रयोगशाळेत आले. फटफटीवर नव्हे, कुणाच्या तरी टेम्पोत बसून. हातात त्या पाण्याची बाटली. "ताई, परीक्षा लाव."

मला टाळता आलं असतं. दूध संपलंय म्हणता आलं असतं. पण ते टेबलाशी नेहमीच्या जागी उभे राहिले होते, काठीवर भार देऊन, निकालाच्या चेहऱ्याने. मी दोन नळ्या घेतल्या. एकीत साध्या पाण्यातला चीक, दुसरीत त्यांच्या लोखंडाच्या पाण्यात भिजवलेला चीक. पहिलीतलं दूध नेहमीसारखं फाटलं. दुसरीतलं नाही फाटलं. आम्ही बघत राहिलो. दूध दूधच राहिलं.

"फाटनं नही!" आबा लहान पोरासारखे ओरडले. "दख ताई! फाटनं नही!"

बाहेरचे कामगार धावत आले. आबांनी ती नळी सगळ्यांना दाखवली, उजेडात धरून, हलवून. मी म्हटलं, "आबा, नळीतली गोष्ट वेगळी असते."

"पोट म्हंजे तरी काय, नळीच शे ना?"

यावर मला उत्तर देता यायला हवं होतं. मी उत्तराच्या जवळपास पोचतही होते, रक्त, पेशी, लोखंड अंगात जातं तेव्हा त्याचं काय होतं, असलं सगळं. पण त्यांच्या हातातली नळी खरी होती आणि तिच्यातलं दूधही खरं होतं. पुढे पुष्कळ वर्षांनी मी कुठेतरी वाचलं, की जाळी विरघळवणारे रस अडवायची औषधं निघाली होती, माणसांना देऊनही पाहिली, आणि या गाठीपुढे त्यांचा टिकाव लागला नाही. नळीत मात्र ती छान चालली होती म्हणे. वाचता वाचता मी चष्मा काढून ठेवला.

खरा गोंधळ नंतर झाला. आबा वाळत चालले होते. अक्का म्हणायच्या, "खातस ते अंगले लागत नही, ताई. जसंनं तसं निंघी जास." ग्रंथीच बिघडलेली, तर अन्न पचवायला रस येणार कुठून? डॉक्टरांनी जेवणाबरोबर घ्यायला पचनाच्या गोळ्या दिल्या. त्याने गाठ हटणार नव्हती, पण खाल्लेलं अंगी लागलं असतं, चार दिवस बरे गेले असते. आबांनी पट्टी हातात घेतली, उलटी केली आणि बाजूला ठेवून दिली.

तीच पट्टी. बागाबागांत दाखवायची तीच.

"यान्हामा चीक शे."

"आबा, हा चीक जेवणावर काम करतो. तो तुमच्या बाजूचा आहे."

"चीकले बाजू राहास का? दुश्मनले घरमा बलाईसन चहा पाजू का मी?"

मी समजावलं. रागावले. हात जोडले. मुलगी रडली. डॉक्टरांचं बोलणं मी शब्दन्‌ शब्द पुन्हा सांगितलं. आबा शांतपणे ऐकायचे आणि मान हलवायचे. चीक कुणाचं मांस आहे ते बघत नाही, हे त्यांनी बोटांची कातडी गमावून शिकलेलं होतं, ते माझ्या बोलण्याने कसं पुसलं जाणार? मला इतका संताप यायचा, की घरी जाऊन भांडी आपटायचे. संताप कुणावर, तेही कळायचं नाही. बरगड्या मोजता येतील असा माणूस पेला भरभरून गंजाचं पाणी पीत होता आणि ज्या एका गोष्टीने त्याला दोन घास पचले असते, ती उशाला पडून होती.

मग मी अक्कांना सांगितलं, गोळी कुटून भातात कालवा, त्यांना कळणार नाही. पण भात ते दोन घासांवर खात नव्हते. जात होतं ते फक्त दूध. त्या रविवारी मी गेले तेव्हा अक्कांनी पेलाभर कोमट दूध आणून त्यांच्या हातात दिलं. आबांनी ते ओठांना लावायच्या आधी माझ्याशी बोलायला म्हणून तसंच मांडीवर धरलं. कुठल्या बागेत यंदा कोण जातं, बायका मोजे घालतात का, असं काहीबाही विचारत होते. बोलता बोलता त्यांचं लक्ष पेल्याकडे गेलं.

दूध फाटत होतं. आधी कडेला बारीक कण, मग मध्ये, मग सगळंच.

अक्का दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. मला धरणीने पोटात घेतलं तर बरं असं झालं. हा माणूस आयुष्यभर ज्या गोष्टीकडे टक लावून बघत आला, तीच आम्ही त्याच्या हातात ठेवली होती आणि त्याला कळणार नाही असं समजलो होतो.

आबांनी पेला उजेडाकडे धरला. जरा हलवला. मग अक्कांकडे पाहून म्हणाले, "काय वं, गोळी ताजी शे. जोर शे तिन्हामा."

आवाजात राग नव्हता. माल चांगला आला की जसं बोलायचे तसंच बोलले. अक्का पुढे होऊन पेला घ्यायला लागल्या, "ऱ्हाऊ द्या, टाकी देस मी." आबांनी दिला नाही. त्या फाटलेल्या दुधाकडे एकदा पाहिलं, अक्कांच्या तोंडाकडे पाहिलं आणि पेला तोंडाला लावून सगळं पिऊन टाकलं. चोथ्यासकट.

मी ओट्यावर येऊन रडले.

त्या दिवसापासून त्यांनी गोळीला नाही म्हटलं नाही. अक्का उघड उघड देऊ लागल्या, ते उघड उघड घेऊ लागले. पण माठातला फाळही काढू दिला नाही. सकाळी चीक गिळायचा आणि त्याच्यावर लोखंडाचं पाणी. थोडे दिवस जेवण जरा अंगी लागलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी दुधात कुस्करून खाल्ली, असा अक्कांचा निरोप आला तेव्हा कारखान्यात आम्ही चहा मागवला. तेवढंच.

पुढे पोटात पाणी झालं. पाठीत कळा सुरू झाल्या, माणूस उताणा निजू शकत नव्हता. उशी छातीशी धरून पुढे वाकून बसायचे. शेवटचं मी गेले तेव्हा तसेच बसले होते. टोपी नव्हती. टोपीशिवाय मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, डोकं केवढंसं दिसत होतं.

"कथालोंग गयं व्हई ते आते?"

एसटी कुठवर आली असेल असं विचारावं, तसं विचारलं. त्यांनी हात पोटावरून छातीकडे नेला, मग पाठीकडे, आणि माझ्याकडे बघत राहिले, मी 'इथे' म्हणेन म्हणून. कारखान्यात येणाऱ्या प्रत्येक डब्यात काय आहे ते मी त्यांना सांगत आले होते. आता मी पंख्याकडे बघत बसले.

"जाऊ दे," तेच म्हणाले. "तुले तरी काय माहीत."

एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते. पाठीची हाडं हाताला लागत होती.

पोळ्याच्या आधी गेले. दुपारी कारखान्यात निरोप आला आणि मी होते तशी निघाले. पोचले तोवर अंगणात माणसं मावत नव्हती. ज्या ज्या बागेत त्यांनी आरडाओरड केली होती, तिथली माणसं आली होती, बायका आल्या होत्या. पदराखाली खुरपं लपवणारी ती बाई भिंतीशी बसून हुंदके देत होती. आबांना नेलं तेव्हा सगळा गलका उठला. अक्का मात्र रडल्या नाहीत. मुलीने हलवलं, शेजारणींनी गळ्यात पडून पाहिलं, म्हाताऱ्या बायका म्हणू लागल्या, हिला रडवा, नाहीतर हिचं काही खरं नाही. अक्का नुसत्या दाराकडे तोंड करून बसल्या होत्या.

पुरुष परत आले. अंगणात पाय धुतल्याचा आवाज आला. कुणीतरी आतल्या बायकांना सांगितलं, सगळं नीट झालं, चिता पुरती पेटली.

अक्कांनी माझा हात धरला. हात गार होता. माझ्या कानाशी येऊन त्यांनी विचारलं, "आते तरी थांबनं व्हई ना ते, ताई?"

"हो अक्का," मी म्हटलं. "थांबलं."

तेव्हा कुठे त्या रडायला लागल्या.